नक्की देणार हं!

"अगं, विचारतेस काय? नक्की देणार! तू तर आपलीच मुलगी!" घारेकाकू दारातूनच म्हणाल्या आणि माझ्यावरून हात उतरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

मी हातातल्या यादीत त्यांच्या नावापुढे एक आकडा टाकला. काका आतून "हो हो, नक्की" म्हणाले, म्हणून त्यांच्याही नावापुढे एक. आणि मग जवळजवळ नाचतच जिना उतरले.

एक म्हणजे पक्कं आपलं मत. दोन म्हणजे आपल्याकडे झुकलेलं, तीन म्हणजे काठावरचं, चार आणि पाच म्हणजे नमस्कार करून पुढे जायचं. आमच्या धंद्यातली बाराखडी ही एवढीच. आज वीस वर्षं मी अमेरिकेत निवडणुकांचा प्रचार उभा करते, आणि अजूनही हीच बाराखडी गिरवते. पण तेव्हा, दोन हजार पाच साली, मी बावीस वर्षांची होते, ती माझी पहिलीच निवडणूक होती, आणि विलो कोर्टमध्ये दार वाजवावं तिथे एकच मिळत होता. मला वाटलं, माझ्यासारखी मीच.

विलो कोर्ट म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या गावाच्या टोकाला असलेल्या विटांच्या इमारती. चारशे घरं, त्यातली निम्म्याहून जास्त आपल्या देशातली. मराठी, तेलुगू, गुजराती, सगळ्यांच्या फोडण्यांचा वास एकाच जिन्यात. आम्ही पेवेकर चिपळूणहून तिथे आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझं नाव मृण्मयी. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी तीनदा प्रयत्न करून नाद सोडला आणि मी 'मिनी' झाले. घरी मिनूच.

उमेदवार होत्या मार्सेला ओचोआ. शाळेची बस चालवायच्या. गावाच्या कौन्सिलच्या आमच्या वॉर्डातल्या जागेसाठी उभ्या होत्या, आणि त्यांचं मागणं एकच होतं: विलो कोर्टपासून बस स्टॉपपर्यंत फुटपाथ. अर्धा मैल रस्ता, बाजूला पाऊल टाकायला जागा नाही. हिवाळ्यात बर्फ साचला की लोक भर रस्त्यातून चालायचे. आदल्याच वर्षी एका तेलुगू आजींना गाडीचा धक्का लागून त्यांचा पाय मोडला होता. खुर्चीत सोळा वर्षं बसलेले गृहस्थ दर वर्षी "पुढच्या बजेटात बघू" म्हणायचे.

हे झालं ओचोआबाईंचं. माझं वेगळंच काहीतरी पणाला लागलेलं होतं.

मी फार्मसीचं कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडलं होतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण आमच्या घरात मी ते बोलले तेव्हा बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला होता. बाबांचं चिपळूणला स्वतःचं औषधांचं दुकान होतं. इथे आल्यावर सहा वर्षं त्यांनी गोदामात खोकी उचलली, रात्री अभ्यास केला, परीक्षेत दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा पास होऊन पुन्हा पांढरा कोट चढवला. त्या कोटाची इस्त्री ते आईलाही करू द्यायचे नाहीत. आणि त्यांची एकुलती एक मुलगी म्हणत होती, मला तो कोट नको, मला लोकांची दारं वाजवायची आहेत.

"दारं वाजवायची?" बाबा म्हणाले होते. "ती तर सेल्समनही वाजवतो."

दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली.

"एक निवडणूक. तुझी ती बाई निवडून आली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पडली, तर जानेवारीत कॉलेज. कबूल?"

"कबूल."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. "मीठ दे." "दिवा घालव." मीही बोलत नव्हते. दोघंही एकाच मातीचे, आई म्हणायची, आणि कपाळाला हात लावायची.

तर विलो कोर्टमध्ये मला तीनशे सतरा 'एक' मिळाले. आमचा प्रचारप्रमुख होता डेरेक, हा उंचच्या उंच माणूस, सदा थंड झालेली कॉफी पिणारा. माझा आकडा बघून त्याने टेबलावर मूठ आपटली. "मिनी, विलो कोर्टवरच आपण जिंकतो!" आणि माझ्या हाताखालची सहाच्या सहा माणसं उचलून त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवली. इथलं काम फत्ते झालंय म्हटल्यावर माणसं कशाला अडकवायची?

मतदानाला दहा दिवस राहिले तेव्हा, शनिवारी सकाळी, आई चपला घालून तयार.

"मी पण येते. बघू तरी, तू करतेस काय." तिच्या हातात डबा होता.

"डब्यात काय आहे?"

"बेसनाचे लाडू. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं?"

मी तिला ऑफिसवर घेऊन गेले. डेरेकने डबा उघडला, एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग म्हणाला, हे मतदारांना देता येणार नाही. मतासाठी खायची वस्तू देणं कायद्यात बसत नाही. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"लाडू म्हणजे लाच?" आई अवाक. मग जरा विचार करून म्हणाली, "त्याला विचार, त्यांच्याकडचं खाल्लं तर चालतं का?"

डेरेक डोकं खाजवत म्हणाला, याबद्दल कायद्यात काही नसावं. डबा मात्र त्याने ठेवून घेतला.

आईला घेऊन मी पाच घरं केली. मला जरा मिरवायचंच होतं. दार वाजलं, माझं ठरलेलं बोलणं झालं, समोरून "नक्की नक्की, तू आपलीच" आलं, एक लिहिला, पुढे. एका दाराला तीन मिनिटं. पाचवं दार झाल्यावर आई जिन्यात मटकन बसली. मला वाटलं गुडघे दुखले. बघते तर बाई हसत होत्या, पदर तोंडाला लावून.

"काय झालं?"

"मिने, यातलं एकही मत नाही गं."

"म्हणजे? सगळे नक्की म्हणाले!"

"म्हणूनच म्हणते. ही घारेबाई तीन वर्षं मला हळदीकुंकवाला 'नक्की येते हं' म्हणतेय. एकदा तरी आली? अगं, दारात उभ्या राहिलेल्या मुलीला तोंडावर नाही कोण म्हणेल? नाही म्हटलं तर तू विचारणार, का नाही? मग बोलत बसावं लागणार. नक्की म्हटलं की तू जातेस, दार लागतं, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात."

ती बोलत असतानाच मला कळलं की हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे कोणी आलं आणि आग्रहाने घरी बोलावून गेलं, तर आम्ही तिघंही "येऊ की, नक्की येऊ" म्हणायचो आणि कुठेही जायचो नाही. गोऱ्या लोकांच्या दारात हा प्रश्नच नसतो, ते सरळ नाही म्हणून दार लावतात. मी त्यांची मोजपट्टी घेऊन आपल्या लोकांना मोजत बसले होते, आणि वर स्वतःला आपल्यातली समजत होते.

"मग खरं 'हो' ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"तुझ्या कागदात पाच कोणाला दिलास?"

"करंदीकरकाकांना. मला अर्धा तास झाडलं त्यांनी. फुटपाथने टॅक्स वाढेल, बस चालवणारी बाई काय कारभार करणार, तू कॉलेज का सोडलंस, सगळं बोलले."

"अर्धा तास भांडला? मग तो जाणार मत द्यायला. चल त्याच्याकडे."

करंदीकरांकडे आम्ही सव्वा तास होतो. आईने दोन वेळा चहा घेतला, त्यांच्या बायकोकडून लोणच्याचं प्रमाण घेतलं आणि मधून मधून एवढंच म्हणत राहिली, "पण काका, थंडीत तुम्ही स्टॉपवर जाता कुठून?" सव्वा तासाने काका म्हणाले, "ते तुमचं बरोबर आहे हो. पण टॅक्सचं मी त्या बाईला विचारणार. समोर बसवून विचारणार."

"विचारा की," आई म्हणाली. "मी घेऊन येते तिला."

संध्याकाळी मी डेरेकसमोर उभी राहिले. म्हटलं, माझे तीनशे सतरा एक खोटे आहेत.

"खोटे म्हणजे? तू घरी बसून लिहिलेस?"

"नाही. लोक बोलले तेच लिहिलं. पण लोकांना तसं म्हणायचं नव्हतं."

त्याला समजावताना माझी वाट लागली. 'हो' म्हणाले पण हो नाही, मग 'नाही' का नाही म्हणाले, तर 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. तो चिडला, आणि चिडला ते बरोबरच होतं. माझ्या आकड्यावर विसंबून त्याने सहा माणसं हलवली होती, आणि त्यांनी तिकडे शब्द दिलेले होते, ती परत येऊ शकत नव्हती.

"खरे किती असतील?"

"साठ. कदाचित."

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "दहा दिवस आहेत. तू आणि तुझी आई. मला दुसरं कोणी देता येणार नाही."

आई दुपारी दोनपर्यंत शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला असायची. अडीचला ती घरी यायची, तोंड धुवायची आणि आम्ही निघायचो. तिची पद्धत अशी: दारात उभं राहून काहीच विचारायचं नाही. आत जायचं. बसायचं. समोर येईल ते खायचं. मग निघताना, अगदी चपला घालता घालता, वेळ ठरवायची.

घारेकाकूंकडे मी प्रत्यक्ष पाहिलं.

"मग मंगळवारी मी गाडी घेऊन येते हं, साडेआठला. दोघी जाऊ मतदानाला."

"नक्की, नक्की!" काकू म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "साडेआठ? अगं तेव्हा यांचा डबा असतो."

"मग साडेनऊ."

"साडेनऊला मुलीचा फोन येतो भारतातून."

"अकरा?"

"अकराला मी पूजेला बसते."

"बरं. मग संध्याकाळी? पाच?"

"पाचला गं कसं..." काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, पण दिवसातले तास संपत आले होते. "पावणेसहा चालेल?"

"पावणेसहा." आईने माझ्याकडे पाहिलं. "लिही गं."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता टाक तुझा एक. नक्की म्हणायला काही लागत नाही. पावणेसहा म्हणायला लागतं."

नऊ दिवसांत आम्ही दीडशेच्या वर घरं केली. आईला ॲसिडिटी झाली. एकेका दिवशी अकरा चहा, चार ठिकाणचा चिवडा आणि एके ठिकाणी आग्रहाने आख्खा डोसा. आमच्या घरी मात्र रोज रात्री नुसता ताकभात, आणि समोर बाबा पेपर वाचत. एकदा त्यांनी पेपरमागून विचारलं, "आज किती दारं?"

"अठरा," मी म्हटलं.

"हं." पेपर वळला.

मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला मी घर सोडलं. दोन गाड्या, एक माझी, एक आईची. प्रत्येक गाडीत वेळांचा कागद. सहाला अमुक, सव्वासहाला तमुक. करंदीकरकाका सातलाच खाली उभे, गळ्यात मफलर, कारण ओचोआबाई खरोखरच त्यांच्याकडे जाऊन दीड तास बसल्या होत्या. घारेकाकू संध्याकाळी पावणेसहाला खाली आल्या, पैठणी नेसून! मतदान केंद्रातली गोरी बाई त्यांना म्हणाली, किती सुंदर, आज काही सण आहे का? काकू म्हणाल्या, हो.

विलो कोर्टमधून मागच्या खेपेला अडतीस मतं पडली होती. या खेपेला दोनशे एकेचाळीस पडली. मी गाडीत बसून दोनदा रडले, एकदा आनंदाने आणि एकदा नुसतीच दमून.

आणि आम्ही अकरा मतांनी हरलो.

गावाच्या दुसऱ्या टोकाने दगा दिला. डेरेकने माझ्या खांद्यावर थोपटलं. ओचोआबाईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "दोन वर्षांनी दुसरी जागा निघते आहे. मी उभी राहणार. तू आहेस ना?" माझ्या डोळ्यांसमोर जानेवारी होता.

बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. आई ओट्याशी. मी रात्रभर घोकलेलं वाक्य बोलून टाकलं.

"बाबा, मी आज अकरा वाजता कॉलेजला फोन करते."

"किती मतांनी गेली?"

"अकरा."

"दहाने गेली असती."

"काय?"

"मी दिलं असतं तर दहाने गेली असती."

मला कळेचना. "तुम्ही मत दिलं नाहीत?"

बाबांनी कप बशीत असा आपटला की चहा टेबलक्लॉथवर सांडला. आणि मग दीड महिन्याचं मीठ आणि दिवा एकदम बाहेर पडलं.

"काल मी रजा टाकली होती! कामाला लागल्यापासून आजारपणाची पहिली रजा. निळा शर्ट काढला, इस्त्री केली, साडेसहाला खिडकीत खुर्ची टाकून बसलो. करंदीकरला नेलं. रेड्डीच्या घरातल्या पाचही जणांना नेलं. ती घारेबाई, जी खालची पत्रं आणायला चार दिवस लावते, ती पैठणी नेसून गेली! तुझी आई चार वेळा खिडकीखालून गाडी घेऊन गेली. म्हटलं आता येतील, आता येतील. आठ वाजले, केंद्र बंद झालं. तुझ्या कागदात सगळ्या जगाला वेळ होती. मला कुठली वेळ होती?"

मी आईकडे पाहिलं.

"मी सकाळीच चला म्हटलं होतं," आई म्हणाली. "म्हणाले, मला तिने विचारलेलं नाही. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. मला सव्वासहाचं गिऱ्हाईक होतं."

मी खोलीत जाऊन यादी आणली. इमारत सी, घर चौदा, पेवेकर. दोन्ही नावांपुढे एक, पहिल्याच दिवशी टाकलेला, बिछान्यात बसून. पुढे त्या पानावरची सगळी घरं मी आईबरोबर दुसऱ्यांदा केली, एकावर एक खोडाखोड होती. चौदाचं घर तेवढं कोरं करकरीत.

"मी टाकून मोकळी झाले, बाबा," मी म्हटलं. मग म्हटलं, आता कशाला लपवायचं? "आणि मला भीती वाटत होती. मी विचारलं असतं आणि तुम्ही तोंडावर नाही म्हणाला असतात तर? मला बाकी कोणाचंही 'नाही' चाललं असतं. तुमचं नसतं चाललं."

बाबांनी सांडलेल्या चहावर फडकं टाकलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. माझेही.

"चारशे दारं वाजवलीस," ते म्हणाले. "करंदीकरच्या शिव्या खाल्ल्यास. बापाचं दार तेवढं जड झालं होय?"

"चुकलं."

"चुकलं तर मग विचार आता."

"आता? निवडणूक झाली बाबा."

"दोन वर्षांनी परत आहे ना? का ती बाई पळून जाणार?"

मी खुर्चीवरून पुढे सरकले. "बाबा, तुम्ही..."

"असं नाही. बाहेर जा. लोकांकडे जातेस तशी ये."

आईने मला डोळ्यांनी दाराकडे खुणावलं. मी रात्रीच्याच कपड्यांत, हातात यादी घेऊन, जिन्यात जाऊन उभी राहिले आणि आमचंच दार वाजवलं. आतून कडी काढल्याचा आवाज आला. बाबांनी मधल्या वेळात शर्ट बदलला होता.

"कोण पाहिजे?"

"नमस्कार. माझं नाव मृण्मयी पेवेकर. मी मार्सेला ओचोआ यांच्या प्रचाराचं काम करते. विलो कोर्टपासून स्टॉपपर्यंत फुटपाथ व्हावा म्हणून त्या उभ्या राहणार आहेत. तुमचं मत..."

"फुटपाथवरचा बर्फ कोण काढणार?"

"गाव काढेल."

"गाव? गाव आत्ता कोणाच्या दारातला काढतं? आणि पावसाचं पाणी? कडेची नाली बुजवणार तुम्ही, म्हणजे ए इमारतीच्या तळघरात पाणी. याचा विचार केलाय तुझ्या बाईने? आणि फुटपाथ बांधून दिवे नाही लावले तर काय उपयोग?"

पाऊण तास! आईने मधे दोघांना दारातच चहा दिला. घारेकाकू वरून खाली जाताना थांबल्या, आमच्या दोघांकडे बघून परत वर गेल्या. नालीबद्दल बाबांचं म्हणणं बरोबर होतं, आमच्यातल्या कोणाच्याच ते डोक्यात आलं नव्हतं, आणि मी ते यादीच्या पाठीमागे लिहून घेत होते. लिहिता लिहिता अकरा वाजून गेले. बाबांनी मागे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. माझ्याकडेही पाहिलं. फोनबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

"मग? आपलं मत देणार का?" मी शेवटी विचारलं.

"विचार करतो," बाबा म्हणाले. "आणि हे बघ, पुढच्या खेपेला लवकर यायचं. शेवटच्या आठवड्यात उगवणाऱ्यांना मी दारात उभं करत नाही."

आणि त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. आतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. मग यादी गुडघ्यावर घेतली आणि अरविंद पेवेकर या नावापुढचा एक खोडून तिथे स्वच्छ अक्षरात तीन लिहिला.